ईस्टरची टोपी कुणाच्या डोक्यावर?

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'टोपी'. त्यांना वाटलं, मी आपल्या टोपीवर बोलणार. नमाजाला घालायची का, ऑफिसात घालायची का, लोक काय म्हणतात वगैरे. त्या टोपीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहे ईस्टरच्या टोपीवर. इंग्रजीत तिला 'ईस्टर बॉनेट' म्हणतात. बॉनेट म्हटलं की आपल्याला गाडीचं बॉनेट आठवतं. हे बॉनेट म्हणजे बायकांच्या डोक्यावरची, हनुवटीखाली रिबिनीनं बांधायची टोपी. ईस्टरच्या रविवारी ती फुलांनी, फितींनी, पिसांनी सजवून चर्चला जायची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत रुजली.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. स्क्रीनवर एक साधं बटण दिसतं, पण त्याच्या मागे कोण कोण राबतंय हे शोधण्याची आम्हाला सवय असते. या टोपीमागे मी तसाच गेलो, आणि सापडलं ते आपल्या कामाचं आहे. शेवटी तुम्हीच ठरवा.

आधी ईस्टर म्हणजे काय ते थोडक्यात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार गुड फ्रायडेला येशूंना क्रूसावर चढवलं आणि रविवारी ते पुन्हा उठले. तो रविवार म्हणजे ईस्टर. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. उपवास संपतात, सण येतो, नवे कपडे येतात. हा क्रम आपल्याला समजावून सांगायला नको! जुन्या काळी ईस्टरला बाप्तिस्मा घेणारे पांढरे नवे कपडे घालत. पुढे इंग्लंडमध्ये समजूत पसरली की ईस्टरला अंगावर एक तरी नवी वस्तू हवी, नाहीतर वर्ष वाईट जातं. युरोपात तेव्हा वसंत सुरू होत असतो. थंडीतले जाड, काळपट कपडे पेटीत जातात आणि हलके, रंगीत बाहेर येतात. ज्यांना पूर्ण पोशाख परवडत नसे, ते जुन्या टोपीला नवी रिबीन लावत, दोन फुलं टाचत. टोपी ही गरिबाच्या आवाक्यातली नवी वस्तू होती. बायबलमध्ये या टोपीचा उल्लेख नाही. धर्माच्या शेजारी राहून वाढलेली ही रीत आहे, जशी आपली चांदरातची मेंदी आणि बांगड्या.

गंमत म्हणजे अमेरिकेत सुरुवातीला आलेले प्युरिटन पंथाचे लोक ईस्टर पाळतच नसत. सण, सजावट, नटणं हे सगळं त्यांना धर्मात नंतर घुसलेलं वाटायचं. हा वादही आपल्याला नवा नाही. तिथलं चित्र बदललं ते १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर. घरोघरी माणसं गेली होती. पुनरुत्थानाच्या सणाला लोक ओढले गेले. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची मोठी चर्चेस फुलांनी सजू लागली. प्रार्थना संपली की श्रीमंत कुटुंबं रस्त्यावरून चालत एकमेकांच्या चर्चची सजावट पाहायला निघत. त्यांना पाहायला इतर लोक जमू लागले. १८८० च्या दशकापर्यंत हा शहरातला मोठा देखावा झाला. नाव 'ईस्टर परेड', पण ढोल नाही, कवायत नाही, नुसतं चालणं.

कापड दुकानदारांनी संधी ओळखली. ईस्टरच्या आधी दुकानांच्या काचांमागे लिली, क्रूस आणि टोप्या एकत्र मांडल्या जाऊ लागल्या. शिवणकाम करणाऱ्या मुली फुटपाथवर उभ्या राहून श्रीमंतांच्या टोप्या निरखत आणि घरी जाऊन तशीच टोपी स्वस्तात बनवत. १९४७ साली या रस्त्यावर दहा लाखांहून जास्त लोक जमल्याचा अंदाज होता. आणि ज्या गाण्यामुळे ही टोपी जगभर पोचली, ते 'ईस्टर परेड' १९३३ साली कुणी लिहिलं? आयर्व्हिंग बर्लिन यांनी. रशियन साम्राज्यातून लहानपणी आलेला, ज्यू घरातला स्थलांतरित मुलगा. १९४८ साली त्याच नावाचा सिनेमा आला, त्यात ज्युडी गार्लंड आणि फ्रेड अस्टेअर होते. ख्रिस्ती सणाचं सगळ्यात लाडकं गाणं एका ज्यू माणसाचं आहे, आणि त्यामुळे ना सण बुडाला ना त्यांचं ज्यू असणं.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. आता टोपी उलटी करून आत पाहू.

पहिली गोष्ट पिसांची. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाचे पक्षीनिरीक्षक मॅनहॅटनच्या बाजारपेठेत दोन दिवस दुपारी फिरले आणि बायकांच्या डोक्यावरचे पक्षी मोजत राहिले. ७०० टोप्या पाहिल्या, त्यातल्या ५४२ टोप्यांवर पिसं होती. ४० जातींचे पक्षी त्यांनी ओळखले. काही टोप्यांवर अख्खा पक्षी पेंढा भरून बसवलेला असे. सगळ्यात जास्त मागणी बगळ्याच्या नाजूक पांढऱ्या तुऱ्याला. हा तुरा फुटतो विणीच्या हंगामात. म्हणजे शिकारी नेमके घरट्यावर बसलेले बगळे मारत, आणि मागे पिल्लं उपाशी मरत. वजनाच्या हिशोबात ही पिसं सोन्यापेक्षा महाग विकली जात होती.

हे थांबवलं कुणी? १८९६ साली बोस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे आणि तिची बहीण लागणारी मिना हॉल या दोघींनी चहाला बायका बोलवायला सुरुवात केली. चहा, गप्पा आणि एक विनंती, की पिसांची टोपी घालू नका. सुमारे ९०० बायकांना त्यांनी तयार केलं. त्यातून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. १९०० आणि १९१८ साली अमेरिकेत पक्ष्यांच्या रक्षणाचे कायदे झाले. १९२१ साली ब्रिटननं पिसांची आयात बंद केली. हिंदुस्थानातूनही पिसं जहाजानं जात होती. १९०२ साली इथल्या सरकारनं त्या निर्यातीवर बंदी आणली. लक्षात घ्या, अमेरिकेतल्या त्या बायकांना तेव्हा देशाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. पण काय विकत घ्यायचं हे त्यांच्या हातात होतं.

दुसरी गोष्ट फुलांची. टोपीवरची फुलं खरी नसत, कापडाची असत. ती कोण बनवत होतं? मॅनहॅटनच्या चाळींसारख्या दाटीवाटीच्या इमारतींत राहणारी कुटुंबं, त्यात इटलीहून आलेली फार. कारखान्यातून पाकळ्यांचे गठ्ठे घरी यायचे. आई, आजी, मुलं टेबलाभोवती बसून एकेक पाकळी डिंकानं चिकटवत, तारेच्या देठात ओवत. मजुरी नगावर. लुइस हाइन नावाच्या शिक्षकानं १९०८ पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी अशा खोल्यांत जाऊन फोटो काढले. टेबलापर्यंत जेमतेम हात पोचणारी मुलं फुलं करताना त्यात दिसतात. १९१३ साली मेरी व्हॅन क्लीक यांनी या कामगार बायकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. काम हंगामी होतं. ईस्टरच्या टोप्यांसाठी आधी रात्र रात्र जागरण, आणि हंगाम सरला की हात रिकामे.

तुमच्यातल्या किती जणांच्या घरी असं काम आलंय? हात वर करू नका, मला माहीत आहे. लेस, टिकल्या, राख्या, खड्यांचं काम. डझनाचा भाव, ग्रॉसचा भाव. आपल्या अम्मी आणि खाला ते स्वयंपाक आवरून करतात, म्हणून त्याला कुणी नोकरी म्हणत नाही. जनगणनेवाला आला की घरातलेच सांगतात, 'ती काही करत नाही, घरीच असते.' न्यूयॉर्कच्या त्या बायकांचंही हेच होत होतं. फिफ्थ अव्हेन्यूवर त्यांची फुलं मिरवत होती, आणि त्या काही मैलांवर पुढच्या गठ्ठ्याची वाट पाहत होत्या. १९३० च्या सुरुवातीला मंदी आली तेव्हा बेकार कामगार फाटक्या कपड्यांत याच परेडमध्ये शिरले, हातात फलक घेऊन. एका फलकावर हिशोब मांडला होता, की इथल्या एका झग्याच्या किमतीत एका बेकाराला वर्षभराची मदत देता येईल. रस्ता सगळ्यांचा होता, म्हणून त्यांना शिरता आलं.

आता तिसरी गोष्ट. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची हीच.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती बायकांमध्ये चर्चच्या टोपीला वेगळंच स्थान आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या घरी धुणंभांडी करायची, मोलकरणीचा पोशाख घालायचा, मालकिणीच्या मुलांनीही नावानं हाक मारायची. रविवारी मात्र स्वतःच्या पैशांची टोपी घालून ताठ मानेनं चर्चमध्ये जायचं. या टोप्यांना त्या 'मुकुट' म्हणतात. आणि ईस्टरचा मुकुट सगळ्यात देखणा. पण दक्षिणेकडच्या अनेक दुकानांत कृष्णवर्णीय बाईला टोपी डोक्यावर घालून बघायची परवानगी नव्हती. तिच्या केसांना लागलेली टोपी मग गोरी बाई घेणार नाही, म्हणून. पैसे घेत होते, पण टोपी डोक्याला लावू देत नव्हते. विटाळ हा शब्द त्यांच्या भाषेत नसेल, गोष्ट तीच होती.

याला एक उत्तर होतं, स्वतःचं दुकान. मे रीव्ह्ज या कृष्णवर्णीय बाईंनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ५०० डॉलरचं कर्ज काढून फिलाडेल्फियात टोप्यांचं दुकान टाकलं. तिथे मोलकरीणही यायची आणि एला फिट्झजेराल्डसारखी गायिकाही. निवडणुकीच्या दिवशी त्या दुकानात मतदान केंद्र असायचं. आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या दुकानाचा भाग मांडून ठेवला आहे.

दुसरं उत्तर नॅशव्हिल शहरानं दिलं. जेम्स लॉसन हे तरुण पाद्री कोरियाच्या युद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आले होते. १९५३ साली ते भारतात आले. कुठे? आपल्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात. तिथे सुमारे तीन वर्षं राहून त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. परत गेल्यावर नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांचे ते वर्ग घेऊ लागले. कुणी शिवी दिली, थुंकलं, मारलं तर हात न उचलता कसं बसून राहायचं, याचा सराव. तुमच्याच वयाची मुलं होती ती. १३ फेब्रुवारी १९६० ला ही मुलं बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानांत गेली, वस्तू विकत घेतल्या आणि तिथल्याच खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली. दुकानाला त्यांचे पैसे चालत होते, पण काउंटरवर बसवून कॉफी द्यायला नकार होता. मुलांना मार बसला, अटक त्यांनाच झाली.

मग वडीलधारे पुढे आले. त्या वर्षी ईस्टर १७ एप्रिलला होता. नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी ठरवलं, यंदा ईस्टरची खरेदी बाजारपेठेत करायची नाही. नवा फ्रॉक नाही, नवे बूट नाहीत, नवी टोपी नाही. जिच्यासाठी ती टोपी म्हणजे आठवड्यातला एकमेव सन्मान, तिनं जुनी टोपी घालून चर्चला जायचं कबूल केलं. आईनं मुलीला समजावलं असेल, यंदा नाही. घरात नवे कपडे नाहीत म्हटल्यावर मुलांचे चेहरे कसे होतात हे आपल्याला माहीत आहे. हंगामातच दुकानं ओस पडली. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. ते वाचले. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे चालत महापालिकेवर गेले. डायेन नॅश या विद्यार्थिनीनं महापौरांना सरळ विचारलं, रंगावरून असा भेद करणं बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौर 'नाही' म्हणाले. १० मे १९६० ला काउंटर सगळ्यांसाठी उघडले.

तीन वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी हाच हंगाम निवडला. नाताळ सोडला तर ईस्टर हाच तिथल्या खरेदीचा सगळ्यात मोठा काळ, हे त्यांनी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात स्पष्ट मांडलं आहे. त्यांना अटक झाली तो दिवस गुड फ्रायडेचा होता, १२ एप्रिल १९६३.

आता इथे थोडं थांबू, कारण मी 'बहिष्कार' हा शब्द जवळजवळ वापरलाच. महाराष्ट्रात या शब्दाला जखमा आहेत. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ साली आपल्या राज्याला कायदा करावा लागला. आणि 'यांच्याकडून काही घेऊ नका' हे व्हॉट्सॲपवरचे निरोप तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यात 'हे' म्हणजे कोण, तेही तुम्हाला माहीत आहे. मग नॅशव्हिलचं कौतुक आपण कोणत्या तोंडानं करायचं?

फरक ओळखायला मी तीन प्रश्न विचारतो. एक, मागणी काय आहे? नॅशव्हिलची मागणी होती, आम्हाला आत घ्या. फळवाल्याविरुद्धच्या निरोपाची मागणी असते, याला बाहेर काढा. दोन, हे थांबणार कधी? नॅशव्हिलमध्ये काउंटर उघडला की खरेदी सुरू होणार होती. दुकानदारानं काय केलं की सुटका होईल, हे त्याला सांगितलेलं होतं. फळवाल्यानं काय करावं? त्याला तर फक्त आपलं नाव बदलता येईल. तीन, झळ कुणाला? नॅशव्हिलच्या लोकांनी आधी स्वतःचा सण साधा केला. दुसरीकडे निरोप पुढे ढकलणाऱ्याला काहीच सोसावं लागत नाही. हे तीन प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. आपल्या मोहल्ल्यात कुणाच्या मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं, कुणी जमातीच्या हिशोबाबद्दल बोललं, म्हणून त्याच्याशी व्यवहार तोडा असं कुणी म्हणालं, तर तेव्हाही हेच विचारायचं.

मी कामानिमित्त एक वर्ष न्यू जर्सीत होतो, तेव्हा ईस्टरला फिफ्थ अव्हेन्यूवर गेलो होतो. सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या आसपास रस्ता गाड्यांना बंद असतो. मला वाटलं होतं, नोंदणी असेल, पास असेल. काहीच नव्हतं. कुणी डोक्यावर पुठ्ठ्याची इमारत घेऊन आलेलं, कुणी टोपलीभर अंडी, कुणी कुत्र्यालाच टोपी घातलेली. पुरुषही सजलेले, म्हातारे नवरा-बायको जोडीनं. बहुतेकांनी टोप्या घरी बनवल्या होत्या, आणि विचारलं की आनंदानं सांगत होते, कशापासून बनवली ते. मी साध्या शर्टात होतो. कुणी विचारलं नाही, तू इथे का.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये असते. तिथल्या प्राथमिक शाळांत ईस्टरच्या सुट्टीआधी मुलं कागदी थाळीची टोपी करतात, त्यावर कापसाची पिवळी पिल्लं चिकटवतात आणि मैदानात फेरी काढतात. तिचा फोन आला, "भाई, आयेशाला टोपी करू देऊ का? इथल्या काही बायका म्हणतात, बरं नव्हे." मी मौलाना नाही, फतवा देणं माझं काम नाही. मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, करू दे. पोरगी विचारेल की हे कशासाठी, तेव्हा तिला सांग की मैत्रिणींचा सण आहे, त्यांचा विश्वास हा, आपला हा. आणि ईदला आपला शीरखुर्मा घेऊन वर्गात जा. आयेशानं टोपीवर पिल्लांऐवजी बगळा काढला, कारण मामूनं तिला बगळ्याची गोष्ट सांगितली होती. जिवंत बगळा, टोपीवर उभा. बाईंनी विचारल्यावर तिनं वर्गाला ती गोष्टही सांगितली.

आता काम. ईदच्या खरेदीला अजून वेळ आहे. या वेळी प्रत्येकानं घरातल्या सणाच्या एका वस्तूच्या मागे जायचं. कुर्ता घ्या, ओढणी घ्या, टोपी घ्या. ती कुणी शिवली, नगाला किती मिळाले, किती दिवस काम असतं आणि किती दिवस नसतं, हे विचारून लिहून आणायचं. घरातलीच कुणी हे काम करत असेल तर सुरुवात तिच्यापासून, आणि तिचे तास मोजून. अशा वीस-पंचवीस नोंदी जमल्या की त्या भावाबद्दल ठेकेदाराशी बोलायचं का, सगळ्या बायकांनी मिळून बोलायचं का, हे त्यांनाच विचारून ठरवू. ज्यांना मोबाईलवर नोंदी करायच्या असतील त्यांच्यासाठी मी एक साधा फॉर्म बनवून आणला आहे. मराठीत आहे, उर्दूतही आहे.

फॉर्मची लिंक बाहेर टेबलावर ठेवली आहे. आता प्रश्न विचारा.